घारे डोळे आणि काचबिंदूचे थेंब

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पासष्टीच्या एक निवृत्त शिक्षिका बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर तपासणीस आल्या. त्यांच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू असल्याचे निदान मीच केले होते व त्या डोळ्यात रोज रात्री लॅटॅनोप्रॉस्टचा एक थेंब घालण्यास सांगितले होते. डावा डोळा त्या वेळी निर्दोष होता. पहिले आठ-नऊ महिने त्यांनी थेंब नेमाने घातले, दाब २८ वरून १८ वर उतरला आणि मी समाधानी होतो. त्यानंतर त्या येईनाशा झाल्या. कारण विचारले तेव्हा उलगडा झाला तो असा की, भाचीच्या लग्नातील एका छायाचित्रात धाकट्या बहिणीच्या लक्षात आले, ताईंचा एक डोळा घारा आहे आणि दुसरा तपकिरी! घरात चर्चा झाली. कोणी म्हणाले औषध डोळ्यात उतरले आहे, कोणाला मोतीबिंदूची शंका आली, आणि त्याच रात्री बाटली बंद झाली. "डॉक्टर, औषधाने डोळाच बदलला, तर नजर तरी कशी शाबूत राहील, असे वाटले हो," त्या म्हणाल्या. दाब पुन्हा २९ झाला होता. दृष्टिक्षेत्राच्या आलेखात नाकाकडील वरचा भाग, जो पूर्वी केवळ करडा होता, तो आता काळा उमटला होता. तो परत आणणारे औषध तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

चूक बाईंची नव्हती. या औषधाने डोळ्याचा रंग बदलू शकतो हे मला पूर्णपणे ठाऊक होते. सांगायचे मात्र राहून गेले होते. आम्ही येथे रोज जे डोळे तपासतो ते बहुतांशी गडद तपकिरी, आणि त्यांत हा बदल नजरेस पडतच नाही. त्यामुळे त्याविषयी बोलण्याची सवयच आम्हा नेत्रवैद्यांना राहिलेली नाही. परंतु आपल्या मराठी समाजात, विशेषतः कोकणस्थांत आणि काही कऱ्हाडे व सारस्वत घराण्यांत, घारे डोळे दुर्मिळ नाहीत. आणि सदर दुष्परिणाम नेमका अशाच डोळ्यांना गाठतो. स्मरणिकेच्या वाचकांत डॉक्टर आहेत, तसेच स्वतः किंवा घरातील वडीलधाऱ्यांसाठी हे थेंब वापरणारेही पुष्कळ असतील. त्या दोघांसाठी हा लेख आहे.

प्रथम काचबिंदूविषयी दोन शब्द. या विकारात डोळ्यातील दाबामुळे, आणि काही जणांत दाब नेहमीच्या मर्यादेत असतानाही, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिमज्जातंतूची हळूहळू झीज होते. नजरेचा मध्यभाग शेवटपर्यंत टिकतो, वर्तमानपत्र वाचता येते, सुईत दोरा ओवता येतो, आणि कडेची दृष्टी मात्र गुपचूप जात राहते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९६ ते २००० या काळात आंध्र प्रदेशात घरोघरच्या लोकांची जी मोठी नेत्रपाहणी केली, तीत खुल्या कोनाचा काचबिंदू आढळलेल्या शहरी व्यक्तींपैकी दहांत नऊहून अधिक जणांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती. म्हणजे निदान झालेला रुग्ण हा मुळातच थोड्या भाग्यवंतांपैकी एक. त्याने औषध सोडावे यासारखे दुर्दैव नाही.

औषधाने खरोखर काय साधते, असा प्रश्न पुष्कळ रुग्ण विचारतात, कारण थेंब घालून दिसण्यात काहीच सुधारणा होत नाही. याचे उत्तर देणारी एक चांगली चाचणी ब्रिटनमध्ये झाली व २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ५१६ रुग्णांपैकी काहींना लॅटॅनोप्रॉस्ट व काहींना औषधविरहित थेंब देण्यात आले. कोणाला काय मिळते हे रुग्णासही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरासही नव्हते. दोन वर्षांत औषधविरहित गटातील २५.६ टक्के रुग्णांचे दृष्टिक्षेत्र घटले, तर औषध घेणाऱ्या गटातील १५.२ टक्क्यांचे. औषध घेऊनही काहींची दृष्टी घटली हे खरे. तथापि दोन वर्षांच्या अल्प अवधीत एवढा फरक पडतो, हेही तितकेच खरे.

या औषधाचा जन्मही सांगण्यासारखा आहे. १९७० च्या दशकापर्यंत प्रोस्टाग्लँडिन म्हटले की डोळ्यात दाह उत्पन्न करणारे आणि दाब वाढवणारे द्रव्य, अशीच सर्वांची समजूत होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील लास्लो बिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये सशांवरील प्रयोगांत दाखवून दिले की, मात्रा अल्प ठेवली तर हेच द्रव्य दाब उतरवते. बिटो मूळचे हंगेरीचे; तरुणपणी तेथील राजवटीने त्यांना कोळशाच्या खाणीत सक्तमजुरीस धाडले होते, १९५६ च्या उठावानंतर ते देश सोडून अमेरिकेस गेले, आणि संशोधनातून निवृत्त झाल्यावर बुडापेस्टला परतून कादंबऱ्या लिहीत राहिले. त्यांच्या कल्पनेवर पुढे स्वीडनमध्ये उप्साला येथे काम झाले आणि लॅटॅनोप्रॉस्ट तयार झाले. जून १९९६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. २००१ मध्ये ट्रॅव्होप्रॉस्ट व बायमॅटोप्रॉस्ट आले, पुढे टॅफ्लुप्रॉस्ट आले. ही सर्व भावंडेच. डोळ्यात सतत तयार होणारा द्रव स्नायूंच्या मधून बाहेर झिरपण्याची जी दुय्यम वाट आहे, ती ही औषधे रुंद करतात. दाब सुमारे पाव ते एक-तृतीयांशाने उतरतो, तोही दिवसाकाठी एका थेंबात, आणि दमा किंवा मंद नाडी असणाऱ्यासही हे औषध सहसा देता येते. म्हणूनच आज काचबिंदूच्या चिठ्ठीवर प्रथम नाव बहुधा याच कुळातील असते.

रंगबदलाची गोष्ट बाजारात आल्यावर उघडकीस आली असे नाही. माणसांवर वापरण्यापूर्वी माकडांवर जे दीर्घकालीन प्रयोग झाले, त्यांतच औषध घातलेल्या डोळ्याचा रंग गडद झाल्याचे शास्त्रज्ञांना दिसले होते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून ही सूचना औषधाच्या माहितीपत्रकात छापलेली आहे. ते माहितीपत्रक कोण वाचतो, हा वेगळा प्रश्न!

बदल होतो तो कोठे, हे समजण्यासाठी डोळ्याच्या रंगाचे रहस्य पाहिले पाहिजे. ज्याला आपण डोळ्याचा रंग म्हणतो तो परितारिकेचा, म्हणजे बाहुलीभोवतीच्या गोल पडद्याचा रंग. या पडद्याचा मागील थर सर्व माणसांत काळाच असतो. फरक असतो तो पुढील थरांत. तेथील रंगपेशींत मेलॅनिनचे कण भरपूर असले की डोळा तपकिरी वा काळा दिसतो, अगदी विरळ असले की निळा. निळा रंग हा रंगद्रव्याचा नसून आकाशाप्रमाणे प्रकाशाच्या विखुरण्याचा आहे. घाऱ्या डोळ्यात मेलॅनिनची वाटणी असमान असते: बाहुलीपाशी तपकिरी वलय, आणि कडेकडे हिरवट, पिवळसर किंवा करडी छटा. प्रोस्टाग्लँडिन गटाची औषधे या पेशींतील टायरोसिनेज नावाच्या विकराचे कार्य वाढवतात आणि पेशी अधिक मेलॅनिन तयार करू लागते. ज्याचा डोळा आधीच गडद आहे, त्याच्या पेशी भरलेल्याच आहेत; भर पडली तरी ती डोळ्यांस जाणवत नाही. जपानमधील नेत्रवैद्यांनी आधीची व नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली तेव्हा गडद डोळ्यांतही बदल आढळला, परंतु आरशात पाहणाऱ्याला तो कळण्याजोगा नव्हता. संपूर्ण निळ्या डोळ्यातही बदल क्वचितच दिसतो. मधल्या, मिश्र रंगाच्या डोळ्यात मात्र बाहुलीजवळचा तपकिरी रंग हळूहळू कडेकडे पसरत जातो.

लॅटॅनोप्रॉस्टच्या पाच वर्षांच्या एका युरोपीय सुरक्षितता-अभ्यासात ३३ टक्के रुग्णांत हा बदल नोंदला गेला. बहुतेकांत तो पहिल्या आठ महिन्यांत सुरू झाला, थोड्यांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी; चौथ्या वर्षानंतर नव्याने सुरू झालेला दिसला नाही. हा आकडा युरोपातील डोळ्यांचा आहे, जेथे मिश्र रंग सर्रास आढळतात. तो जसाच्या तसा आपल्याकडे लावू नये. परंतु घाऱ्या डोळ्यांच्या आपल्या रुग्णास तो अधिक जवळचा आहे, असे मला वाटते.

औषध थांबवले तर पुढचा बदल थांबतो, झालेला मात्र ओसरत नाही. तो कायमचा समजावा. आणि येथेच रुग्णाच्या मनात दुसरी भीती उभी राहते: वाढत जाणारा काळा रंग म्हणजे कर्करोग तर नव्हे? या शंकेचा कसून शोध घेतला गेला आहे. रंगपेशींची संख्या वाढत नाही, त्या विभागत नाहीत. जी पेशी आहे तिच्यातील मेलॅनिनचे कण वाढतात, एवढेच. हा रंग पेशींतच राहतो, सुटून पाण्यात मिसळत नाही. माझ्या डॉक्टर मित्रांसाठी हे स्पष्ट करतो, कारण रंगकण सुटून निचऱ्याची जाळी तुंबवणारा काचबिंदूचा एक वेगळा प्रकार आहे आणि त्याच्याशी याची गल्लत होते. परितारिकेवर आधीपासून असलेले तीळही या औषधाने मोठे होत नाहीत. एखादा तीळ वाढताना दिसलाच, तर तो औषधाच्या माथी न मारता स्वतंत्रपणे तपासावा. रंग बदललेल्या डोळ्याच्या नजरेवर या बदलाचा परिणाम झाल्याचे जवळपास तीन दशकांत दिसून आलेले नाही.

मग गडद डोळ्यांच्या रुग्णाला काहीच होत नाही का? होते, फक्त डोळ्याबाहेर. आणि माझ्या अनुभवात आपल्याकडे तक्रारी येतात त्या याच्याच. पापण्यांचे केस लांब, दाट व काळे होतात. पुरुषांच्या चष्म्याच्या काचेला ते घासू लागतात, स्त्रिया बहुधा तक्रार करीत नाहीत. पापण्यांची, विशेषतः खालच्या पापणीची, त्वचा काळवंडते. सावळ्या वर्णात ती काळी वर्तुळे जागरणाची, अशक्तपणाची किंवा यकृताची समजली जातात आणि रुग्ण चेहऱ्याला लावण्याची मलमे शोधत फिरतो. हे दोन्ही बदल औषध बंद केल्यावर काही आठवड्यांत वा महिन्यांत बहुतांशी ओसरतात.

तिसरा बदल अधिक सूक्ष्म व उशिरा लक्षात येणारा. डोळ्याच्या खोबणीतील चरबीच्या पेशींवर या औषधांचा परिणाम होऊन चरबी कमी होते, वरच्या पापणीवर खळगा पडतो, पापणी किंचित उतरते आणि डोळा खोल गेल्यासारखा दिसतो. बायमॅटोप्रॉस्ट वापरणाऱ्यांत हे प्रथम २००४ मध्ये नोंदवले गेले. बायमॅटोप्रॉस्ट व ट्रॅव्होप्रॉस्ट यांत ते अधिक, लॅटॅनोप्रॉस्ट व टॅफ्लुप्रॉस्ट यांत कमी आढळते. दोन्ही डोळ्यांत थेंब असतील तर घरचे म्हणतात, "वय झाले, चेहरा उतरला." एकाच डोळ्यात असतील तर फरक लगेच उघडा पडतो. औषध बदलल्यावर हा खळगा काही अंशी भरतो, पूर्णपणे भरेलच असे नाही. हा केवळ सौंदर्याचा प्रश्न आहे असे मी पूर्वी समजत असे. आता समजत नाही. घट्ट, आत ओढलेल्या पापण्यांमुळे दाब मोजणे अवघड होते आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागली तर तीही.

थोडे मागे वळून पाहिले तर डोळ्यात रंग साठवणारे हे पहिलेच औषध नव्हे. जुन्या पिढीतील डॉक्टरांना अॅड्रिनॅलिनचे थेंब आठवत असतील. ते दीर्घकाळ घातले की औषधाचेच ऑक्सिडीभवन होऊन पापणीच्या आतील अस्तरावर काळे ठिपके साठत. तो रंग औषधाचा होता. प्रोस्टाग्लँडिनमुळे येणारा रंग शरीराचा स्वतःचा आहे.

आता व्यवहाराकडे वळू. बाटलीतून पडणारा एक थेंब डोळ्यात मावेल त्याहून मोठा असतो. उरलेला गालावर ओघळतो आणि पापणीची त्वचा रात्रभर तो शोषत राहते. म्हणून थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे बोटाने हलकेच दाबावा आणि ओघळलेले औषध स्वच्छ ओल्या कापसाने टिपून घ्यावे. त्वचेचे काळवंडणे व गालावरील लव यांना याने बराच आळा बसतो. परितारिकेच्या रंगाला याचा उपयोग नाही, तिला औषध आतूनच पोहोचते. अधिक गुण यावा म्हणून दोनदा थेंब घालणारे रुग्ण मी पाहिले आहेत. या कुळातील औषध दिवसातून एकाहून अधिक वेळा घातल्यास त्याचा परिणाम उलट कमी होतो.

एकाच डोळ्यात काचबिंदू असलेले घाऱ्या डोळ्यांचे रुग्ण कधीकधी विचारतात, "रंग जुळावा म्हणून चांगल्या डोळ्यातही घालू का?" घालू नये. निरोगी डोळ्याला औषध द्यायचे ते त्याला गरज असेल तरच. अशा रुग्णाने रंगाविषयीची आपली भावना डॉक्टरांना आधीच मोकळेपणाने सांगावी, कारण पर्याय आहेत. टिमोलॉलने रंग बदलत नाही, पण दमेकऱ्यास आणि हृदयाच्या गतीत अडथळा असणाऱ्यास ते धोक्याचे. या थेंबाने दमा उसळलेले रुग्ण फिजिशियन मंडळींनी निश्चितच पाहिले असतील. ब्रिमोनिडीनने अनेकांना अॅलर्जी होऊन डोळे लाल होतात आणि तान्ह्या मुलांत तर ते वर्ज्यच आहे. डॉर्झोलामाइड झोंबते व तोंड कडू करते. नव्या गटातील नेटार्सुडिलने डोळा लाल होतो आणि पारपटलावर भोवऱ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. जपानमध्ये २०१८ पासून ओमिडेनेपॅग हे औषध वापरात आहे; प्रोस्टाग्लँडिनच्या वेगळ्या ग्राहीवर काम करीत असल्याने त्यात पापणीचे हे बदल होत नाहीत, परंतु मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यास ते चालत नाही. सारांश, निर्दोष थेंब एकही नाही.

लेसरचा पर्याय मात्र मी अलीकडे पूर्वीपेक्षा लवकर सुचवू लागलो आहे. निचऱ्याच्या जाळीवर सौम्य लेसर देण्याची ही पद्धत, एस. एल. टी. या नावाने ओळखली जाणारी, पूर्वी थेंब अपुरे पडल्यावर वापरली जाई. ब्रिटनमधील 'लाइट' या चाचणीत लेसर प्रथम दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७४ टक्के तीन वर्षांनंतर थेंबाविना होते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा वर्षांनंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होते. एका डोळ्यात खुल्या कोनाचा सौम्य काचबिंदू आणि डोळे घारे, असा रुग्ण समोर असेल तर लेसरचा विचार प्रथम व्हावा, हे माझे मत आहे. प्रत्येक रुग्णास ते योग्य ठरेल असे नाही आणि त्याचा परिणाम काही वर्षांनी ओसरूही शकतो.

इतर शाखांतील सहकाऱ्यांना एक विनंती. काळ्या वर्तुळांसाठी आलेल्या मध्यमवयीन रुग्णास, विशेषतः ती एकाच बाजूस असतील तर, "डोळ्यात कोणते थेंब घालता?" हे विचारावे. आणि तरुण मुलींना, पापण्या दाट करण्यासाठी काही लावता का, हेही. बायमॅटोप्रॉस्टचा तो 'दुष्परिणाम' अमेरिकेत डिसेंबर २००८ मध्ये रीतसर सौंदर्यौषध म्हणून मान्य झाला, आणि आता त्या जातीची द्रव्ये असलेली नाना प्रकारची द्रावणे नेत्रवैद्याच्या सल्ल्याशिवाय वापरली जातात. कोडाच्या डागांवर हीच औषधे लावून पाहण्याचे प्रयोग त्वचारोगतज्ज्ञ करीत आहेत. काळवंडणे हे कोणाला संकट आणि कोणाला वरदान! परंतु दाट पापण्यांसाठी आलेल्या घाऱ्या डोळ्यांच्या मुलीला, तिच्या डोळ्याचा रंग कायमचा बदलण्याची शक्यता थोडी का होईना आहे, हे कोणीतरी सांगितले पाहिजे.

माझ्या पद्धतीत त्या शिक्षिकांनंतर एवढाच बदल झाला की, पहिली चिठ्ठी लिहिण्यापूर्वी मी दोन्ही डोळ्यांचे व पापण्यांचे छायाचित्र काढून ठेवतो, रंग, केस, त्वचा व खळगा या चारही गोष्टी मराठीत समजावून सांगतो, आणि काहीही वेगळे दिसले तर बाटली बंद न करता आधी फोन करा, असे चिठ्ठीवरच लिहून देतो. याला जास्तीची चार-पाच मिनिटे लागतात. ओळीत बसलेले रुग्ण कुरकुरतात.

त्या बाई आजही येतात. उजव्या डोळ्यातील औषध त्यांनी त्याच दिवसापासून पुन्हा सुरू केले आणि उरलेले दृष्टिक्षेत्र टिकून आहे. चार वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याचा दाबही वाढू लागला व मज्जातंतूत बदल दिसले, म्हणून तेथेही तोच थेंब सुरू करावा लागला. दुसरे औषध किंवा लेसर देऊ का, असे मी विचारले होते. त्या म्हणाल्या, "नको, हेच द्या. आता काय होणार ते ठाऊक आहे." आठ-दहा महिन्यांत डावा डोळाही तपकिरी झाला. मागच्या खेपेस त्या मोबाईलवरचे नवे छायाचित्र दाखवायला घेऊन आल्या होत्या; दोन्ही डोळे सारखे.